जो रकाना नव्हता

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात 'समाजासाठी उपयोग' असं शीर्षक असलेला दीड पानांचा भाग आहे. तो मी एका रात्रीत लिहिला, प्रबंध सादर करायच्या आदल्या आठवड्यात. बाकीच्या प्रबंधाला साडेचार वर्षं लागली. त्या दीड पानात 'तळागाळातील समुदाय' हे शब्द तीनदा आले आहेत. हे मी अलीकडे मोजलं. लिहिताना मोजावंसं वाटलं नव्हतं.

विषय सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. शाखेचं नाव ट्रान्सलेशनल हेल्थ रिसर्च. नागपूरजवळच्या कोराडीत, घरी, हे नाव समजावून सांगणं कठीण होतं. मी सांगायची की प्रयोगशाळेत जे सापडतं ते रुग्णाच्या खाटेपर्यंत आणि तिथून वस्तीपर्यंत कसं न्यायचं, त्याचा हा अभ्यास. बाबांची सगळी नोकरी वीज केंद्रात गेली. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या ट्रान्समिशनसारखंच. वीज कोराडीत तयार होते, दिवा लागतो दुसऱ्याच्या घरी." थोडं थांबून म्हणाले, "मधे लाइन लॉस किती होतो, तेही मोजता का तुम्ही?" पीएच.डी.च्या प्रवेशाच्या मुलाखतीत मी त्यांचं हे वीजवाहिनीचं उदाहरण वापरलं. पॅनेलला आवडलं. ते बाबांचं आहे हे मी सांगितलं नाही, आणि लाइन लॉसचं वाक्य गाळून टाकलं. का गाळलं? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं म्हणून. पण मुलाखत सोडा, पुढच्या साडेचार वर्षांत तरी तो प्रश्न मी स्वतःला विचारला का?

विचारला तो दुसऱ्याच कुणीतरी. प्रबंध सादर करून दीडेक महिना झाला होता. आश्विनातलं नवरात्र, देवळात ही गर्दी. कोराडीची जगदंबा दिवसातून तीन रूपं घेते अशी इथली श्रद्धा आहे: सकाळी बालिका, दुपारी तरुणी, संध्याकाळी प्रौढ. मनोकामनेच्या अखंड ज्योतींच्या खोल्या तुपाच्या वासाने भरलेल्या असतात. मीही एक ज्योत लावली होती, व्हायवा नीट पार पडावा म्हणून. दर्शन घेऊन बाहेर आले, तर खण-नारळ विकणाऱ्या एका काकूंनी हाक मारली.

"वळखलं का जी, मॅडम? तुमी आमच्या गावात रक्त न्याले आल्ते."

मी ओळखलं नव्हतं. तरी "हो हो" म्हणाले.

"रिपोर्ट देतो म्हनलं होतं तुमी. महिन्यानं येतो म्हने. मंग आलेच नाही." आवाजात राग नव्हता. एखादी उसनी वाटी परत यायची राहिली आहे याची आठवण करून द्यावी, तसा तो सूर होता. पुढे म्हणाल्या, "पोरीनंबी देल्लं होतं रक्त. तिचं लगन झालं आता. पाचवा लागला तिले."

त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं, ते लिहायलाच हवं. त्यांची लेक नाही आली, तिच्या पोटातलं बाळही नाही. मनात आलं, ही बाई कुणाकडे तक्रार तर करणार नाही ना? व्हायवा अजून व्हायचा होता.

आता रिपोर्टांचं खरं काय ते सांगते. ते हरवले नव्हते. नमुने घेतल्यापासून तीन आठवड्यांत हिमोग्लोबिनची तपासणी झाली होती. एचपीएलसीच्या यंत्रातून प्रत्येकाचा आलेख निघाला होता. ए, एस, एफ, सगळी शिखरं स्पष्ट. मी प्रत्येकाचा निकाल एक्सेलच्या तक्त्यात भरला. चारशेच्या वर ओळी. रकाने असे: संकेतांक, वय, लिंग, गाव, हिमोग्लोबिन, पॅटर्न, डीएनए आहे की नाही, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात मी 'क्लॉटेड', 'रिपीट', 'इनसफिशियंट' असं बरंच काही लिहिलं आहे. रिपोर्ट पोचला की नाही, यासाठी रकानाच नव्हता. तक्ता मीच आखला होता. कोणी मला तो रकाना काढायला सांगितलं नव्हतं, आणि माझ्या डोक्यात तो आलाही नव्हता.

संमतीपत्रावर मात्र लिहिलं होतं, 'तपासणीचा निकाल सहभागी व्यक्तीस कळवला जाईल.' मराठीत, मोठ्या अक्षरात. ते वाक्य मी नैतिकता समितीसाठी लिहिलं. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत सहभागी लोकांना संशोधनाचा लाभ मिळण्याबद्दल सविस्तर मांडणी आहे, मी ती वाचून परीक्षाही दिली होती. पण गावातल्या अंगणवाडीत बसून त्या कागदावर अंगठा घेताना मी ते वाक्य वाचून दाखवलं, तेव्हा समोरची बाई ते खरं मानत होती आणि मी एक औपचारिकता पुरी करत होते. एकाच वाक्याचे दोन अर्थ त्या टेबलावर होते. लबाडी म्हणायची का याला? तेव्हा तरी मी मनापासून 'देऊच' असं धरून चालले होते. मग नमुने शीतपेटीत गेले, मी शहरात परतले, आणि 'देऊच'चं 'दुसऱ्या टप्प्यात देऊ' झालं, त्याचं 'पेपर गेला की देऊ' झालं. खोटं बोलण्याचा असा एक क्षण मला शोधूनही सापडत नाही. न सापडणं हेच मला जास्त अस्वस्थ करतं.

सिकलसेलच्या बाबतीत हा उशीर माझ्यापासून सुरू झाला नाही, हे मी बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. आणि इतिहास खरोखर तसा आहे. शिकागोत जेम्स हेरिक यांनी विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचं वर्णन छापलं 1910 मध्ये. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. एखाद्या आजाराचं मूळ रेणूपर्यंत नेऊन दाखवण्याची ती पहिली वेळ. मग व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो फरक एका अमिनो आम्लापर्यंत नेला. भारतात 1952 मध्ये निलगिरीत हा गुणधर्म आढळला, आणि 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेटमध्ये लिहिलं, ते आपल्या नागपूरच्या लोकांबद्दल. हायड्रॉक्सियुरिया हे रसायन 1869 पासून माहीत होतं. सिकलसेलच्या वेदनांचे झटके ते कमी करतं हे मोठ्या चाचणीत सिद्ध व्हायला 1995 उजाडलं. आरोग्य संशोधनात एक आकडा नेहमी सांगितला जातो, शोधापासून रुग्णापर्यंत पोचायला सरासरी सतरा वर्षं. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर तो आहे. तो लिहिताना वाटत होतं की ही सतरा वर्षं म्हणजे कुठलीतरी यंत्रणा, धोरण, निधीचा अभाव. माझ्या तक्त्यातले दोन-अडीच वर्षं पडून राहिलेले चारशे निकालसुद्धा त्या सतरा वर्षांतच मोजले जातात, हे पहिलं पान लिहिणारीच्या लक्षात आलं नाही.

आणि याच शहरात लोकांनी ते अंतर कापलंही आहे. हायड्रॉक्सियुरियाचे परदेशी डोस आपल्याकडच्या मुलांना जसेच्या तसे द्यायचे का, हा प्रश्न घेऊन नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी कमी, ठरावीक डोसची चाचणी केली. किलोमागे रोज 10 मिलिग्रॅम. तेवढ्यानेही फायदा होतो हे त्यांनी 2012 मध्ये छापलं. वारंवार रक्ताची महागडी तपासणी जिथे शक्य नाही तिथल्या डॉक्टरला यातून काय मिळतं ते उघड आहे. संपत रामटेके तर संशोधकही नव्हते. नागपूरचा एक बाप, मुलाला सिकलसेल निघाला. त्यांनी रुग्णांच्या घरच्यांना एकत्र केलं, सिकलसेल सोसायटी उभी केली. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, मरणोत्तर. माझ्या संदर्भसूचीत दोनशेच्या वर नोंदी आहेत. रामटेक्यांचं नाव त्यांत नाही, कारण त्यांनी पेपर लिहिला नाही. संदर्भ द्यायला पेपर लागतो, हा नियम मी कधी तपासून पाहिला नव्हता.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती सिकलसेलची नाही. विषय निवडायची वेळ आली तेव्हा दुसरा एक विषय माझ्या दारातच होता. कोराडीचं औष्णिक केंद्र 1974 पासून वीज तयार करतं आहे. आता 660 मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा जळला की राख उरते, ती बंधाऱ्यांत साठवतात. आसपासच्या गावांतल्या बायकांचे श्वास, मुलांची फुप्फुसं, विहिरीचं पाणी: कोराडीत वाढलेल्या मुलीने ट्रान्सलेशनल संशोधन करायचं म्हटलं तर हा प्रश्न पहिला यायला हवा होता. आला. मी तो बाजूला ठेवला. गाईडना सांगितलं की यात गुंतागुंतीचे घटक फार आहेत, चूल आहे, बिडी आहे, वाहनं आहेत, कशाचा परिणाम कशावर हे वेगळं काढणं अवघड. हे सगळं शास्त्रीयदृष्ट्या बरोबर होतं. पण बाबांचं पेन्शन, त्यांचे मित्र, आमचं बालपण गेलं ती कॉलनी, हेही होतं. उत्तर कुठल्याही बाजूचं आलं असतं तरी मला कुणाच्या तरी घरी चहा प्यायला जाणं जड गेलं असतं. जुलै 2022 च्या पावसात खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला. मे 2023 मध्ये नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली, लोक दोन्ही बाजूंनी बोलले. मी दोन्ही वेळेला प्रयोगशाळेत होते आणि मनाशी म्हणत होते, हा आपला विषय नाही. सिकलसेल मी कळवळ्याने निवडला असं मी सगळ्यांना सांगते. तो कळवळा खोटा नाही. पण सिकलसेलचा गुन्हेगार एक जनुक आहे, त्याला शेजारी नसतात. या सोयीचा वाटा किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या नवरात्रानंतर मी गडचिरोलीच्या बंग दांपत्याबद्दल पुन्हा वाचलं. मला वाटायचं मला ती गोष्ट पाठ आहे: त्यांच्या 'सर्च' संस्थेची सुरुवात, नवजात बाळांची घरच्या घरी काळजी, 39 गावांत प्रयोग आणि 47 गावं तुलनेला, बालमृत्यूंत झालेली मोठी घट, 1999 चा लॅन्सेटमधला लेख, आणि पुढे ते काम देशभरातल्या 'आशा' ताईंच्या हातात जाणं. वर्गात हे ट्रान्सलेशनल संशोधनाचं आदर्श उदाहरण म्हणून शिकवतात. मी जे विसरले होते, किंवा आधी वाचूनही ओलांडून गेले होते, ते असं की गडचिरोलीत गेल्यावर त्यांनी सुरुवातीला सिकलसेलवरच अभ्यास केला होता. आणि नंतर अभय बंगांनी स्वतःच मोकळेपणाने मांडलं की तो प्रश्न लोकांच्या मनातला नव्हता, संशोधकाच्या मनातला होता. म्हणून ते लोकांना विचारायला लागले.

मी कुणाला विचारलं होतं? मी गावात गेले तेव्हा प्रोटोकॉल छापून तयार होता.

पण लगेच एक शंका येते, आणि ती मी झटकू शकत नाही. लोकांना विचारून सुचला असता तो प्रश्न प्रबंधाला चालला असता का? तीन-चार वर्षांत पुरा झाला असता? फेलोशिप संपते. घरी वय विचारतात. अशा वेळी माणूस सोपा नमुना घेतो, मोजता येतं ते मोजतो. हे मी माझ्या बचावासाठी लिहिते आहे का? थोडं आहे. तरीही त्यात खरं आहे. सगळ्या दिरंगाईला माझी क्षुद्रता म्हटलं तर बरं वाटतं, कारण मग मी सुधारले की प्रश्न सुटला. तो तसा सुटणार नाही. पण माझ्या तक्त्यात एक रकाना वाढवायला मला फेलोशिप आडवी आली नव्हती, हेही तितकंच खरं.

देवळापाशी काकू भेटल्या त्या रात्री मी तक्ता उघडला. काकूंचा निकाल एएस. लेकीचा निकाल एएस. म्हणजे लेक वाहक. स्वतः निरोगी, पण नवराही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. पाचवा महिना लागलेला.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या दुकानापाशी गेले. त्यांचा निकाल त्यांना सांगितला. त्यांनी लगेच विचारलं, "अन् पोरीचं काय निघालं?" मला थांबावं लागलं. लेक सज्ञान, संमती तिची, निकाल तिचा. "तो तिलाच सांगावा लागेल, काकू." त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला ओळखीचं होतं. आधी द्यायला आली नाही, आणि आता आली तर नियम सांगते. मी बरोबर वागत होते आणि त्या क्षणी माझ्याइतकं चुकीचं कुणी दिसत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी, लग्न ठरायच्या आधी, हाच नियम किती सहज पाळता आला असता.

लेक माहेरी आली तेव्हा भेटले. घरामागे, न्हाणीजवळ, दोघीच. मी म्हणाले, "तू सिकलसेलची वाहक आहेस." ती म्हणाली, "वाहक म्हणजे? एसटीतला कंडक्टर असते तो?"

ती चेष्टा करत नव्हती. एसटीत खरंच तसं लिहिलेलं असतं. साडेचार वर्षं मी तो शब्द माहितीपत्रकांत वापरला, आणि तो कुणाला काय सांगतो हे मला माहीत नव्हतं. मी पुन्हा सुरुवात केली. आईकडून एक, वडलांकडून एक, असे दोन भाग येतात. तुझा एक चांगला आहे, एकात दोष आहे. तुला काही होणार नाही. तिने विचारलं, "मंग सासरी सांगाचं का?" याचं उत्तर माझ्या कोणत्याही प्रकरणात नव्हतं. वाहक निघालेल्या सुनेला काय काय ऐकावं लागतं हे मी गावोगाव ऐकलं होतं. नवऱ्यातही असा दोष असल्याशिवाय बाळाला आजार होत नाही, हे कुणी लक्षात घेत नाही, बोट मात्र बाईकडे जातं. रिपोर्ट म्हणजे लाभ, असं मी धरून चालले होते. तिच्या हातात तो ओझंही होता. मी म्हटलं, आधी नवऱ्याला एकट्याला सांग, मी सोबत येते, त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होईल. जुलै 2023 पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, 2047 चं उद्दिष्ट आहे, किट आलेले आहेत. तिकडे अमेरिकेत त्याच वर्षीच्या डिसेंबरात जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता मिळाली, किंमत 22 लाख डॉलर. इकडे मी एका मुलीला न्हाणीपाशी कुजबुजत सांगत होते की नवऱ्याला घाबरू नको.

तो आला तपासणीला. शांत मुलगा, कामावरून तसाच आलेला. निकाल एए. बाळाला आजार नसणार.

मला सुटल्यासारखं वाटलं. फोन ठेवून मी खुर्चीवर बसले आणि चक्क रडले. मग विचार केला, हे रडणं कुणासाठी? तिच्यासाठी होतंच. पण त्यात एक भाग असा होता की आता माझ्या चुकीचा परिणाम कुणाच्या अंगावर आला नाही, आता मी ही गोष्ट कुणाला सांगितली तरी चालेल. निकाल उलटा असता तर मी हा लेख लिहिला असता का? बहुधा नसता. म्हणजे मी कबुली देते आहे तीही परवडणारी निवडून?

तक्त्यात मी नववा रकाना घातला आहे: 'पोचला'. प्रत्येक निकालाचं अर्ध्या पानाचं मराठी पत्र केलं. 'वाहक' शब्द काढला, आठ-नऊ वेळा मजकूर बदलला, एका आशाताईंनी आणि दोन आयांनी वाचून जिथे अडल्या तिथे खुणा केल्या. प्रबंधाच्या एकाही प्रकरणावर मी इतकी मेहनत घेतली नव्हती. शनिवार-रविवार बाबांची स्कूटर घेऊन जाते. बाबाही कधी मागे बसतात. काही जण म्हणतात, आता काय उपयोग, पोरं झाली. काही जण चहा ठेवतात. एका म्हाताऱ्याने पत्र घेतलं, वाचून घेतलं, आणि म्हणाला, "आले तर खरं." ते कौतुक होतं की नाही, कोण जाणे.

व्हायवात एका परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या कामाची मर्यादा काय?" मी नमुन्यांच्या संख्येबद्दल बोलले. हे उत्तर पाठ होतं. नवव्या रकान्याबद्दल बोलायची ती वेळ होती, आणि मी बोलले नाही. पदवी मिळाली.

गेल्या रविवारी कन्हानकडच्या एका गावात गेले होते. यादीत एक घर, मुलगी बारा वर्षांची होती नमुना दिला तेव्हा, निकाल एसएस. वाहक नाही, आजारीच. हे पत्र सगळ्यांत आधी पोचायला हवं होतं. यादी मी गावांच्या क्रमाने धरली, गरजेच्या नाही, म्हणून ते आत्ता हातात आलं. घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, ते लोक वीटभट्टीवर गेले, दिवाळीपासून, कोणत्या ते माहीत नाही. "द्या माझ्यापाशी, आले तर देतो." पत्र बंद पाकिटात होतं, तरी मी दिलं नाही. भट्टीच्या मुकादमाचा नंबर तिच्याकडे नव्हता, किराणा दुकानदाराकडे असेल म्हणाली. दुकान बंद होतं, चार वाजता उघडतं. तेव्हा अडीच वाजले होते. बाबा म्हणाले, "थांबू या." आम्ही दुकानाच्या ओट्यावर बसलो.